मळणीत बोटं गेली आणि बैठकीत मिटवलं: मजुरानं बॉण्डवर सही करावी का?

मांजराकाठ (लातूर)

ऑक्टोबर 2025 मधली गोष्ट. शेजारच्या गावात सोयाबीनची रास चालू असताना मशीनच्या तोंडावर उभ्या असलेल्या मजुराचा हात आत ओढला गेला. वय पस्तीस, उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीनवाल्यानं दवाखान्याचं बिल भरलं, वर चाळीस हजार दिले आणि पाचशेच्या बॉण्डवर लिहून घेतलं की 'माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही.' साक्षीला गावातली चार वजनदार माणसं. मालक भला माणूस निघाला, असं सगळे म्हणतात.

मला हे पटत नाही आणि म्हणूनच इथं लिहितोय. अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा असेल, तर ट्रॅक्टरवर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रानं शेतीचं काम करणारा मजूर 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात येतो. चूक कुणाची, हा प्रश्न तिथं सहसा येतच नाही. काम करताना इजा झाली एवढं पुरे. एका हाताची तीन बोटं म्हणजे कमाईची ताकद 30 टक्के गेली, असं कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. महिना 12,000 मजुरी धरा. कायदा त्याचे 60 टक्के धरतो, म्हणजे 7,200. कायद्यात वयानुसार गुणक दिलाय, पस्तीस वर्षांसाठीचा 197.06. गुणाकार 14,18,832 आणि त्याचे 30 टक्के म्हणजे सव्वाचार लाखांच्या वर. हिशोबात धरायच्या मजुरीची मर्यादा महिना 15,000 आहे, ती ओलांडायचाही प्रश्न नाही.

कुठं सव्वाचार लाख आणि कुठं चाळीस हजार! आणि 'पुढे काही मागणार नाही' हे लिहून घेतलेलं वाक्य याच कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल आहे. माणसाचा उजवा हात आयुष्यभरासाठी अधू झाला, त्याला हे कुणीतरी सांगायला नको?

राशीवाला (औसा)

मी स्वतः मशीनवाला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ट्रॅक्टर फायनान्सवर, मशीन कर्जावर, आणि धंदा वर्षातले दोन-अडीच महिने. पोत्यामागं मिळणाऱ्या पैशातून डिझेल, मजूर, पट्टे, बेअरिंग सगळं भागवायचं. सव्वाचार लाख आणू कुठून? कोर्टानं हुकूम केला तरी माझ्याकडून वसूल काय होणार? ट्रॅक्टर तर फायनान्सवाला आधीच ओढून नेईल.

आम्ही काही कारखानदार नाही. पोराला आमच्याच गाडीतून रात्री लातूरला नेतो, रक्ताची सोय करतो, बिल भरतो. बैठकीत जे ठरतं ते त्याच आठवड्यात हातात पडतं. तुम्ही त्याला कोर्टात पाठवाल, पण पुढच्या हंगामात त्याला मशीनवर कोण बोलावणार, तेही सांगा.

मांजराकाठ

दादा, तुमची अडचण खरी आहे. पण दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे भरपाई दिली, असं होत नाही. उपचाराचा खर्च मालकानंच द्यायचा आहे आणि तो भरपाईतून वळता करता येत नाही. बैठकीत नेमकं हेच गाळलं जातं. 'ऐंशी हजार दवाखान्याला गेले, चाळीस वर दिले, सव्वा लाख झाले की' असा हिशोब होतो आणि सगळे माना डोलावतात.

सातबारा (परळी)

शेतीतल्या अपघाताला गोपीनाथ मुंडे योजनेतून पैसे मिळतात ना? मग मशीनवाल्याच्या मागं कशाला लागायचं?

धारूर घाट

ती योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या मजुराचं काय? बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जो विमा निघतो, त्यातही अख्खा हात, पाय किंवा डोळा गेला तरच पैसे आहेत. तीन बोटांना तिथं काही नाही.

मी ऊसतोडीच्या घरातली आहे. आमच्याकडं मिटवणारा मुकादम असतो. कोयत्यातली, म्हणजे नवरा-बायकोच्या तोडणी जोडीतली, बाई मोळी घेऊन फळीवरून पडली, कंबर गेली. मुकादम म्हणाला, 'उचल माफ करतो, गप बसा.' उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ती भरपाई कशी झाली? त्यात अपघात झाला कोल्हापूरकडं, घर बीड जिल्ह्यात. तिथं जाऊन तारखा कोण करणार, म्हणून तिच्या माणसांनी विषय सोडून दिला. मजूर राहतो त्या भागातही दावा लावता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, मुकादम म्हणतो मी नुसता मधला. 1923 च्या कायद्याचं कलम 12 मात्र ज्याचं काम त्या मुख्य मालकालाही सोडत नाही. बायांनी हे पाठ करून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

उस्मानाबादकडच्या (आता धाराशिव) प्रकरणाचंही सांगते. साखर कारखान्याचा वॉचमन पहाटेच्या ड्युटीवर निघाला आणि वाटेत अपघातात गेला. तिथल्या आयुक्तांनी, म्हणजे या कायद्याखालचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, 3,26,140 रुपये 12 टक्के व्याजासह मंजूर केले. हायकोर्टानं ते रद्द केलं, पण जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत दिले. कामाशी संबंध जुळत असेल तर कामावर जातानाचा अपघातही कामातलाच.

निलंगा नाका

ताई, तुम्ही दिलेलं उदाहरणच माझं म्हणणं सांगतं. तो अपघात एप्रिल 2003 चा आहे. निकाल 2025 चा. बावीस वर्षं! तिथं तर समोर विमा कंपनी होती, पैसे बुडायची भीतीही नव्हती. बापामागं राहिलेली लेकरं एवढ्या काळात कुठल्या कुठं गेली असतील. त्या बायकोनं तेव्हा मिळतील ते पैसे घेतले असते, तर तिला कुणी नावं ठेवली असती का?

मी कामगार न्यायालयात कारकुनी कामानं जातो, तारखांना येणारी माणसं बघतो. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं. चाळीस हजार कमीच आहेत, मान्य. दीड लाखावर बसवा, दोनवर बसवा, पण बैठकीतच बसवा. गरिबाला आज पैसा लागतो.

वाळूज शिफ्ट

आमच्याकडं वाळूजच्या कारखान्यांत वेगळंच चालतं. प्रेस शॉपमध्ये बोट गेलं की गुत्तेदार खासगी दवाखान्यात नेतो आणि 'घरी पडलो' असं लिहायला लावतो, कारण ईएसआयला, म्हणजे कामगार विमा महामंडळाला, अपघात कळवला तर चौकशी लागते. असं कधीही लिहून देऊ नका. महिना 21,000 पर्यंत पगार असेल आणि ईएसआय लागू असेल, तर रजेच्या काळात पगाराच्या 90 टक्के मिळतात आणि कायमचं अपंगत्व आलं तर नुकसानीच्या प्रमाणात जन्मभर पैसे. तिथं 1923 च्या कायद्याखाली दावा लावता येत नाही. कार्ड काढलेलं नसलं तरी अपघाताची नोंद करा, महामंडळ मालकाकडून वसूल करतं.

मांजराकाठ

निलंगा नाका, बावीस वर्षांचं मला खोडता येणार नाही. पण बैठक आणि कोर्ट असे दोनच रस्ते नाहीत. बैठकीत ठरलेला करार आयुक्तांकडं नोंदवायची सोय कायद्यातच आहे. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. म्हणजे तडजोड गावात करा, पण शिक्का तिथला घ्या. नोंद केलीच नाही तर पूर्ण भरपाईची जबाबदारी मालकाच्या डोक्यावर तशीच राहते. राशीवाले दादा, तुमच्या पेटीतला तो बॉण्ड तुम्हालाही वाचवत नाही. मृत्यू झाला असेल तर भरपाई आयुक्तांकडंच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली भरपाई म्हणून धरत नाहीत.

या मजुराच्या हातात दावा लावायला अपघातापासून दोन वर्षं आहेत. दवाखान्याची पोलीस नोंद, फोटो, त्या दिवशी सोबत काम करणाऱ्यांची नावं आताच जमवून ठेवावीत. 21 नोव्हेंबर 2025 पासूनचे अपघात नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत येतात, पण हिशोबाची ही पद्धत तिथंही आहे.

राशीवाला (औसा)

करार नोंदवायचं मला नवीन आहे, विचारून घेतो. पण सव्वाचार लाख हा आकडा मला आजही अन्यायच वाटतो. मजुरांची वेगळी पॉलिसी निघते असं ऐकलंय. दोन महिन्यांच्या हंगामासाठी, दर आठवड्याला बदलणाऱ्या चार मजुरांसाठी ती कुणी काढून देत असेल, तर औसा-निलंगा भागातल्या कुणीतरी इथं हप्ता किती ते टाका. मी पहिला काढतो.

धारूर घाट

ट्रॅक्टरची पॉलिसी आहे म्हणजे मळणीचे मजूर त्यात आले, असं मात्र धरून चालू नका. कागद वाचून घ्या आणि मजुरांची नावं-वयं वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा.