मदत हवी आहे: इरकल लुगड्यांची वाकळ शिवतेय, पदर चिरला आणि मशीन टाके सोडतंय

आवरलं की येते

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते, कारण दोन-तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि मला फोन रात्री साडेदहानंतरच हातात मिळतो.

तर झालंय असं की आमच्या आत्त्या (सासूबाई, आमच्यात आत्त्याच म्हणतात) मागच्या श्रावणात गेल्या. त्यांची नेसून नेसून मऊ झालेली सात लुगडी ट्रंकेत आहेत, सगळी इरकल, सगळी नऊवारी. यंदा वर्षश्राद्धाला दोन्ही नणंदा आल्या होत्या, एक पुण्याची एक गडहिंग्लजची, ट्रंक उघडली तर दोघींनी एकेक लुगडं नाकाला लावलं आणि धाकटी म्हणाली वैनी, ह्याच्या वाकळा शिवून द्या की आम्हाला. मी पण त्या वेळी डोळे पुसत हो म्हणून बसले. म्हणजे तीन वाकळा, दोघींना एकेक आणि एक घरी मामांना (सासरे). मुदत काय, तर दिवाळीला दोघी येणार.

आता माझं शिवणकाम म्हणजे काय, ब्लाउजचे हुक, पोरांच्या युनिफॉर्मची उसवलेली शिलाई, पडद्याला दुमड. एकदा भाच्याच्या बारशाला खणाची कुंची शिवली ती झकास जमली आणि तेव्हापासून सगळ्या खानदानात माझं नाव झालंय. वाकळ मात्र आयुष्यात शिवली नाही. खानापूरला आजी शिवायची आणि आम्ही तिच्या अर्ध्या वाकळेवर लोळून तिचे टाके वाकडे करायचो, एवढाच अनुभव.

गणपती गेले आणि मी धाडस करून हिरवं लुगडं फाडलं. पाच थर एकावर एक घालून आत्त्यांच्याच पायमशीनवर घेतलं. पहिली हातभर शिलाई बरी आली. पुढं वरचा थर पुढं सरकून चुण्या पडायला लागल्या, मधेच चार टाके सुटायचे, उलटं करून बघितलं तर खाली दोऱ्याची नुसती जाळी. ओढून सरळ करायला गेले तर लाल पदर जिथं सुरू होतो त्या रेघेवर टर्रकन चिरला. मामांनी बाहेरच्या खोलीतनं विचारलं, काय फाटलं गं? मी म्हटलं काही नाही, जुनं फडकं. तेव्हापासून चार दिवस मशीनवर चादर टाकून ठेवलीय, बघवत नाही.

वेळेचं पण सांगते. पाचला उठणं, चार डबे, मुलगा यंदा दहावीला, धाकटी पहिलीत, साडेनऊ ते पाच माझं ऑफिस, ह्यांची उद्यमबागेत पाळी बदलत असते. रात्री फार तर पाऊण तास, त्यात मामा नऊला झोपतात आणि पायमशीनचा आवाज भिंतीपलीकडं जातो.

तर मशीनचं काय करू, पदराचं काय करू, आणि मुळात हे दिवाळीपर्यंत होण्यासारखं आहे का? कुणी शिवून देणाऱ्या बायका ठाऊक असतील तर तेही सांगा, पण खरं सांगायचं तर मलाच शिवायच्यात.

निपाणीकरीण

अगं आधी ती चादर काढ मशीनवरची. मशीनची चूक नाही. खाली जाळी होते म्हटल्यावर सगळे बॉबिनला शिव्या देतात, पण खाली गुंता होतो तो बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळं. मशीनचा पाय (कापड दाबून धरतो तो) वर उचलून दोरा पूर्ण काढ, परत ओव आणि टेन्शनच्या दोन चकत्यांमधे नीट बसलाय का बघ. पाय खाली असताना ओवलं की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा नुसता वरवर राहतो.

टाके सुटतात ते सुईमुळं. ब्लाउजची सुई असेल तर पाच थरांना ती वाकते. 16 नंबर घाल, फारच जाड असेल तर 18. बसवताना सुईची लांब खाच ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं दोरा ओवायचा, सुई उलटी बसली की टाका पडतच नाही. आणि टाका मोठा ठेव, ब्लाउजचा बारीक टाका वाकळेला घालशील तर कापडाला भोकं पाडून पाडून तिथंच फाटेल.

चुण्यांचं कारण म्हणजे खालचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा मागंपुढं राहतो. पायाच्या दांड्यावरचा स्क्रू सैल करून दाब कमी कर आणि शिवायच्या आधी सगळं टाचून घे. टाचल्याशिवाय पाच थर मशीनवर घालायचं धाडस मी पण करत नाही, आणि मी पंधरा वर्षं फॉल-पिको करतेय.

डोंबिवलीत बेळगाववाली

टेक्निकल काही कळत नाही पण वाचून घशाशी आलं. इकडं गोधडी म्हणतात, आमच्या शेजारच्या कानडी काकी कौदी म्हणायच्या, मला वाकळ म्हटल्याशिवाय ऊबच येत नाही.

एक विचारू का, राग मानू नका. फाडायलाच हवीत का सगळी? माझ्या आईची मी ठेवलीत तशीच घडी घालून.

आवरलं की येते

राग कसला. हा प्रश्न मलाच रोज पडतोय. पण घडी घालून ठेवलेल्या लुगड्यांना मागच्या पावसाळ्यात घडीवरच बुरशी धरली होती, बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको.

निपाणीकरीण, सुई 14 नंबरची निघाली आणि दोरा खरंच चकतीच्या बाहेर होता! लाज वाटली.

वडगावचा मागवाला

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे, आता पॉवरलूम, पण आजोबा हातमागावर इरकल विणायचे म्हणून पदराचं सांगतो.

तुमचा पदर चिरला तो नुसत्या तुमच्या ओढण्यानं नव्हे. इरकल लुगड्यात अंगाचा ताणा (उभे धागे) सुती असतो आणि पदराचा ताणा रेशमाचा, आताच्या मालात कृत्रिम रेशमाचा. हे दोन वेगळे ताणे विणताना एकमेकांत फासे घालून जोडतात, त्याला तोपे-तेणी म्हणतात. म्हणजे लाल जिथं सुरू होतं ती नुसती रंगाची रेघ नव्हे, तिथं कापडच बदलतंय. नवं असताना काही होत नाही, वीस-पंचवीस वर्षं धुऊन झाल्यावर सूत मऊ पडतं, रेशीम कडक होतं, आणि ओढ लागली की बरोबर त्या सांध्यावर जातं.

म्हणून कापायचं असेल तर सांध्यावर कापू नका. सांध्यापासून चार बोटं अलीकडं, सुती भागात कात्री लावा, म्हणजे पदर त्याच्या सुती काठासकट सुटा निघेल. त्याच्या मागं जुन्या धोतराचं किंवा मलमलचं अस्तर लावून टाचा आणि वाकळेच्या सगळ्यात वरच्या थरावर बसवा. मधल्या थरात पदर घालू नका, सुती थर धुतल्यावर आवळतो, रेशीम तेवढं आवळत नाही, फुगे येतात.

कुठला पदर रेशमाचा कुठला कृत्रिम हे बघायचं असेल तर कडेचा एक धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कागदासारखा जळाला तर कृत्रिम नाहीतर सुती. लाल रंग सुटतो का ते पण बघा, पांढरं फडकं ओलं करून पदरावर दाबून धरायचं. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं बायका सांगतात त्यावर जाऊ नका, सुटणारा रंग सुटतोच. तसा पदर असला तर वेगळा, थंड पाण्यात, पाणी पांढरं येईपर्यंत धुवा आणि मग लावा.

मलप्रभाकाठी

खानापूरचं नाव आलं म्हणून लिहूलागलोय. आमच्याकडं नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा मलप्रभा नदीवर धुवायला नेतात, तेव्हा कुठल्या घरची वाकळ कशी शिवलीय हे आख्ख्या गावाला दिसतं :)

मशीनच्या नादाला लागू नका असं माझं मत. वाकळ हातानंच. फरशीवर चटई, त्यावर थर, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, काय असेल ते वजन. लांब सुई, जाड सुती दोरा, तो मेणबत्तीच्या तुकड्यावरनं एकदा ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही, आणि बोटात अंगुस्तान घाला नाहीतर तिसऱ्या दिवशी बोट दाखवायच्या लायकीचं राहणार नाही. धावदोरा, दोन ओळींत दोन बोटं अंतर. आमच्या तालुक्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतनं आलेला समाज) बायका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं गोल फिरत आत मधापर्यंत येतात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी घडी घालून फूल लावतात. फूल नसलं तर वाकळ उघडीनागडी वाटते म्हणतात.

निपाणीकरीण

कडेकडून आत? चुण्या सगळ्या मधे गोळा होतील की ओ. मधून बाहेर शिवत जायचं, सगळीकडं असंच सांगतात.

मलप्रभाकाठी

मशीनवर तुमचं बरोबर, तिथं दाते कापड ढकलतात. फरशीवर कापड हलतच नाही, आपण वाकळेभोवती फिरतो. माझी आई वाकळेवरच बसून शिवायची, तिचं वजन हेच टाचण.

वडगावचा मागवाला

एक हिशेब सांगायचा राहिला. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. पदर काढला तर साधारण साडेसात उरतं, तुमचं मोजून घ्या. त्याचे चार तुकडे केले तर एकेक सहा फुटांच्या वर लांब, पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास, म्हणजे एका माणसाच्या वाकळेचे चार थर एका लुगड्यात. पाच थरांच्या तीन वाकळा म्हणजे पंधरा थर. चार लुगड्यांत काम झालं. सात कशाला फाडताय?

जिथं विरलंय ते तुकडे मधल्या थरात, चांगले वर-खाली.

आवरलं की येते

दादा, हा हिशेब मी चार वेळा वाचला. मग कागदावर मांडला, मग ह्यांना झोपेतनं उठवून दाखवला. म्हणजे तीन लुगडी तशीच राहतात, दोघी नणंदांना एकेक आणि एक मामांच्या कपाटात. डोंबिवलीच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं बघा.

आता हातानं शिवायचं ठरवलंय. 45 इंच पन्हा, दीड इंचावर एक ओळ, म्हणजे तीस ओळी. काल रात्री घड्याळ लावून बघितलं, एका ओळीला वीस मिनिटं. रोज दोन ओळी झाल्या तर पंधरा दिवसांत एक वाकळ. तीन वाकळा दिवाळीपर्यंत काही बसत नाहीत, दोन बसतील, मामांची नंतर. मामांना विचारलं तर म्हणाले मला काय घाई आहे.

(गोल गोल शिवायचा धीर नाही झाला, सरळ ओळीच घालतेय. सिद्दी बायकांची माफी मागून फूल मात्र लावणार.)

डोंबिवलीत बेळगाववाली

फोटो टाका ना!

आवरलं की येते

तीन आठवड्यांनी येतेय. एक वाकळ पूर्ण, दुसरीच्या अकरा ओळी झाल्यात. फोटो दिवाळीनंतर टाकते, पुण्याची नणंद इथं वाचते असा संशय आहे.

वेळ कसा निघाला ते सांगते, कुणाला उपयोग होईल. माझा अर्धा वेळ सुई ओवण्यात जायचा, रात्रीच्या उजेडात भोक दिसत नाही, दोरा संपला की परत तेच. एक दिवस ऑफिसमधनं आले तर बाहेरच्या खोलीत दिवाणावरच्या उशीत ओळीनं बारा सुया टोचलेल्या, प्रत्येकीत हातभर दोरा, मेण लावलेला, गाठ मारलेली. मामा पेपर वाचत बसलेले, काही बोलले नाहीत. आता रोज संध्याकाळी बारा सुया तयार असतात आणि मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत सुद्धा दोन सुया संपवते. धाकटी टाके मोजते, चुकीचे मोजते. मुलगा भूगोल पाठ करायला मुद्दाम वाकळेवर येऊन बसतो, मलप्रभाकाठी म्हणाले तसं टाचण फुकट मिळालंय.

तो चिरलेला पदर मी लपवून ठेवला होता. परवा मामांना सांगूनच टाकलं की त्या दिवशी फाटलं ते फडकं नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, हा आधी पण चिरला होता गं, सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत, गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली आला होता. मी उजेडात धरून बघितलं, तर खरंच उलट्या बाजूनं सांध्यावर वीतभर रफू आहे, हिरव्या दोऱ्यानं, टाके इतके बारीक की इतकी वर्षं धुताना-वाळत घालताना मला कधी दिसले नाहीत. मी चिरलंय ते त्या रफूला लागून पुढं, रफू जिथल्या तिथं आहे.

मामांच्या वाकळेला तोच पदर लावायचाय. वडगावच्या दादांनी सांगितलं तसं मलमल आणून ठेवलीय. पण अस्तर लावलं की रफू आत झाकलं जाणार. उलटी बाजू वर ठेवून लावला तर चालेल का, का रेशमाचे सुटे धागे वर येऊन अडकतील? अनुभव असेल तर सांगा. कात्री अजून लावलेली नाही.