बडोदे : लक्ष्मीविलास राजवाडा आणि रविवर्म्याची मूळ चित्रे, वडिलांना घेऊन जाण्याविषयी मदत हवी आहे

माझे वडील ७८ वर्षांचे असून ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. येत्या जानेवारीत त्यांना पुण्याहून बडोद्याला घेऊन जाण्याचा विचार आहे. हेतू एकच, गायकवाड घराण्याच्या संग्रहातील राजा रविवर्मा यांची तैलचित्रे त्यांना निवांतपणे पाहता यावीत.

आमच्या देवघरात रविवर्म्याच्या छापखान्यातले लक्ष्मीचे चित्र पणजीच्या काळापासून आहे. आजीने त्यातल्या साडीच्या काठावर खरी जर डिंकाने चिकटवली होती आणि हारावर टिकल्या लावल्या होत्या. त्या काळी बऱ्याच घरांत बायका असे करीत. आता एका बाजूची जर सुटली आहे आणि तिच्याखाली इतकी वर्षे झाकून राहिलेला छापील रंग दिसू लागला आहे. वडील त्यावर भिंग धरून बसतात. भिंगातून नुसते बारीक ठिपके दिसतात, आणि मग ते म्हणतात, "हे छपाईच्या दगडावर चित्र उतरवणाऱ्या कारागिराचे काम. रविवर्म्याने स्वतः कुंचल्याने ही जर कशी उभी केली, ते एकदा पाहायला हवे."

मला असलेली माहिती अशी : सयाजीराव महाराजांच्या (म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या गोपाळरावांच्या) कारकिर्दीत हा राजवाडा मेजर मँट यांनी आरंभला आणि त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी १८९० मध्ये तो पुरा केला. दिवाण सर टी. माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण असल्याने रविवर्म्यांना ओळखत होते, त्यांच्यामुळे १८८१ मध्ये रविवर्मा प्रथम बडोद्यास आले. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. 'नल-दमयंती', 'विश्वामित्र-मेनका' ही चित्रे त्यांतलीच. देवघरातल्या चित्रांमुळे आपल्याला परिचित असलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती यांची १८९६ ची मूळ चित्रेही बडोद्याच्याच संग्रहात आहेत.

अडचण अशी की दहा वर्षांपूर्वी मी एका सहल कंपनीच्या बसने तेथे गेलो होतो, तेव्हा चाळीस मिनिटांत सगळे उरकून आम्हाला कचोरीच्या दुकानासमोर उभे करण्यात आले. दरबार हॉलची रंगीत काचांची तावदाने आणि जमिनीवरचे मोझेक आठवते, रविवर्म्याचे मात्र एकही चित्र आठवत नाही. ती चित्रे राजवाड्यात आहेत, त्याच आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत की सयाजीबागेतल्या सरकारी संग्रहालयात, हेच मला त्या वेळी कळले नाही. शिवाय वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे आहे. अर्धा तास उभे राहिले की त्यांना बसावे लागते. आधी काय पाहावे, काय वगळले तरी चालेल आणि एक दिवस पुरेल की दोन, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी मूळचा बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. तुम्ही विचारलेल्या तीन ठिकाणांपैकी रविवर्म्यासाठी जायचे ते फत्तेसिंह संग्रहालयात. राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी ही इमारत बांधली होती. राजवाडा आणि हे संग्रहालय एकाच आवारात असले तरी त्यांची तिकिटे वेगवेगळी आहेत, आणि राजवाड्याच्या तिकिटात चित्रेही आली असे समजून बरेच लोक तसेच परततात. तुमच्या बसवाल्यांनीही बहुधा हेच केले असावे. सोमवारी दोन्ही बंद असतात, तेव्हा रविवारच्या रात्रीची गाडी टाळा.

वडील ताजेतवाने असताना, म्हणजे सकाळी, संग्रहालय पाहा आणि राजवाडा दुपारनंतर ठेवा. राजघराण्याचे वास्तव्य आजही तेथे असल्याने राजवाड्याचा काही भागच पाहता येतो. कानाला लावून ऐकायचे निवेदन मिळते, त्यामुळे कोणाच्या मागे धावावे लागत नाही. शस्त्रागार माझ्या मते खुशाल वगळावे. फेलिची या इटालियन शिल्पकाराची कामे मात्र चित्रकलेच्या शिक्षकाने चुकवू नयेत. आत छायाचित्रे काढू देत नाहीत.

जरीविषयी एक सांगतो. तंजावरच्या चित्रांत सोन्याचा वर्ख असतो, इथे तसे काही नाही. काठाजवळ गेलात तर पिवळ्या मातकट रंगावर पांढरट रंगाचे जाडसर, थोडे वेडेवाकडे ठिपके दिसतील, आणि चार पावले मागे आलात की त्याचीच जर होते. वार्निशवर उजेड चमकतो, म्हणून समोर न थांबता किंचित बाजूला उभे राहावे.

दुसरा दिवस हाती असेल तर कीर्तिमंदिरात जा. गायकवाड घराण्याच्या या स्मारकाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चित्रे काढली. रविवर्म्यानंतर ती पाहिली की एकाच घराण्याने दोन अगदी निराळ्या हातांना काम दिल्याचे दिसते, आणि त्यावर वडील तुमच्याशी दिवसभर वाद घालतील. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रेही उत्तम आहेत, पण तेथील लाकडी जिने पाहता ती तुम्ही एकट्यानेच पाहून यावीत.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. मंगळवारी पहाटे पोहोचून बुधवारी रात्री परतायचे, असे ठरवले आहे. आपला प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. वर्खाचा मुद्दा त्यांना पटला, बोस यांच्याबद्दल मात्र आतापासूनच वाद सुरू झाला आहे. सुटलेल्या जरीचा वीतभर तुकडा त्यांनी मूळ चित्राशी ताडून पाहण्यासाठी पाकिटात घालून ठेवला आहे. आता एकच शंका उरते : घडीचा छोटा स्टूल संग्रहालयात नेऊ देतात का, की बसण्यासाठी आत बाके आहेत?