रिक्वायरमेंट तपासताना दोषामागची मानवी चूक कशी ओळखायची?

प्रश्न: एसआरएसमध्ये (सॉफ्टवेअरने काय करायला हवं, म्हणजे रिक्वायरमेंट, लिहिलेला दस्तऐवज) दोष सापडतात, पण मूळ चुकीवर टीमचं एकमत होत नाही. काय बघावं?

उत्तर १: हेतू बरोबर पण लिहिताना हात चुकला तर स्लिप. करायचं ठरलेलं विसरलं तर लॅप्स. समजच चुकीची असेल तर मिस्टेक. समजा, कलम ४.२ मध्ये ‘३ चुकीच्या पासवर्डनंतर खातं लॉक’, ५.१ मध्ये ‘५’. ग्राहकाने आकडा बदलला आणि एकीकडे दुरुस्ती राहिली, तर लॅप्स. दोन लेखकांनी नियम वेगवेगळा समजून घेतला असेल, तर मिस्टेक.

उत्तर २: नुसत्या कागदावरून हे ठरवूच नका! बैठकीची टिपणं, जुनी आवृत्ती बघा, लेखकाला विचारा. ही कुणाला दोष द्यायची सभा नव्हे, हे त्याला आधी सांगा. नाहीतर खरं कारण बाहेर येत नाही.

उत्तर ३: मिस्टेक निघाली की पूर्ण दस्तऐवज पुन्हा वाचा. एकच गैरसमज अनेक कलमांत शिरलेला असतो.