पोहोचायचं कुठेच नाही, फक्त चालवायचंय: वळणांचा रस्ता सुचवा

मीच चालवणार
मंडळी, सल्ला हवाय. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गिअर, हाताने टाकायचे. ऑक्टोबरअखेर मंगळवार-बुधवार असे दोन दिवस मोकळे मिळतायत. राहते पुण्यात. "कुठे जायचंय?" असं जो तो विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं. वळणं हवीत, एवढंच. द्रुतगती मार्गावर मला झोप येते.
ताम्हिणी इतक्यांदा झालाय की खड्डे नावानिशी ओळखते.
अडचण एकच. नवरा सोबत येणार आणि त्याला गाडी लागते. माळशेजला दोनदा थांबावं लागलं होतं. तरी येतो म्हणतोय, बिचारा.
अटी: अंधार पडायच्या आत मुक्काम. धबधब्याखाली गाण्यांवर नाचणारी जत्रा नको. रस्ता थोडा उखडलेला चालेल.

आरामात
ताम्हिणी सोडू नका हो. मंगळवारी पहाटे सहाला निघालात तर मुळशीच्या पाण्यावर धुकं असतं आणि रस्त्यावर तुम्ही एकट्याच.

मीच चालवणार
आरामात, तुमचं नाव आणि पहाटे सहा, जमत नाही. :)

लाल डबा
ताई, तुमच्या वर्णनात बसणारा रस्ता म्हणजे वरंधा. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, भोर-महाड ही त्यांची बरीच वर्षांची ड्युटी. तुमचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला तर चष्मा काढून बसले आणि पाऊण तास बोलले. त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

पुणे, भोर, वरंधा, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाटाने वाई, पुणे. साधारण तीनशे किलोमीटर. एका दिवसातही होतं, पण मग नुसतं पळणं होतं. दोन दिवस घ्या.

सकाळी पश्चिमेकडे उतरा, दुपारी पूर्वेकडे चढा. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो. हे उलटं पडलं आणि संध्याकाळी घाट उतरायची वेळ आली, तर प्रत्येक दुसऱ्या वळणाला ऊन थेट काचेवर येतं आणि समोरून येणारा डंपर दिसतच नाही. बाबा म्हणतात, "घाटात ड्रायव्हरला दरीपेक्षा सूर्य जास्त छळतो."

भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. रस्ता त्या पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत जातो. हा भाग बाबांचा घाटापेक्षाही लाडका, कारण इथे उतार बेताचा, वळणं लांबट, गाडी एका लयीत झुलत राहते. मग माथा येतो, वाघजाईचं देऊळ, चहा-भजीच्या टपऱ्या आणि माकडं. तिथून खाली खरा घाट.

आता गिअर. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो आणि मग पेडल मऊ पडतं. गाडी इंजिनने रोखायची, ब्रेक फक्त वळणाच्या आधी, वळणात नाही. न्यूट्रलवर उतरवून पेट्रोल वाचवणाऱ्याला बाबा जी शिवी देतात ती इथे लिहिता येत नाही.

अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नाही, तसा नियमच आहे. आंधळ्या वळणाला हॉर्न वाजवा आणि काच थोडी खाली ठेवा, म्हणजे समोरच्याचा हॉर्नही ऐकू येईल.

आणि हो, पावसाळ्यात वरंध्यावर दरडी येतात आणि घाट बंद करण्याचे आदेश निघतात. ऑक्टोबरअखेर सहसा प्रश्न नसतो, पण दुरुस्तीचं काम निघालेलं असू शकतं. भोरला चहा पिताना विचारून घ्या. महाडहून आलेला एखादा टेंपोवाला भेटतोच.

घाटमाथा
लाल डबा यांच्याशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के भांडण.
चक्कर उलटी मारावी. सकाळी महाबळेश्वर गाठून आंबेनळी उतरा आणि दुपारी वरंधा चढा. सूर्य तेव्हाही पाठीशीच. महाबळेश्वरात सकाळी गर्दी नसते, संध्याकाळी असते. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या असतील तर वेण्णा तलावापासून पाचगणीपर्यंत मुंगीच्या वेगाने जाल, मग वारही मदतीला येणार नाही.

लाल डबा
मुद्दा बरोबर आहे. पण ऑक्टोबरअखेर सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. महाडला जेवण लांबलं तर वरंध्याच्या मध्यावर अंधार. त्या रस्त्यावर दिवे नाहीत, पेट्रोलपंप नाही, गावंही तुरळक. आंबेनळीत उशीर झाला तर निदान प्रतापगडाच्या पायथ्याला, वाडा कुंभरोशीला थांबता येतं.

आणि चढण्याची मजा आंबेनळीत जास्त आहे, हे तर मान्य कराल? पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. सगळी उंची चाळीसेक किलोमीटरमध्ये. उलट पलीकडची वाई मुळातच सातशे मीटरवर बसलीय, म्हणून पसरणी पटकन संपतो. सह्याद्री कोकणाच्या बाजूला भिंतीसारखा तुटलाय आणि देशाच्या बाजूला हळूहळू उतरलाय. ज्याला वळणं हवीत त्याने भिंत चढावी.

घाटमाथा
चढण्याबद्दल मान्य. गर्दीबद्दल माझं मत तेच. आंबेनळीला इंग्रज फिट्झगेराल्ड घाट म्हणत, त्याआधीची वाट शेजारच्या पार घाटाने जायची. वेळ असेल तर पार गावात डोकावून या, रामवरदायिनीचं देऊळ आहे.

रत्नांग्रीची पोर
सगळे डोंगरातच का शिरलेत? वळणं समुद्राच्या कडेलाही असतात. दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीवरून जा. समुद्र इतका जवळ की उधाणाला काचेवर शिंतोडे येतात. पुढे हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेट्टी, म्हणजे फेरीबोट हो, गाडीसकट. तेवढ्यात नवऱ्याचं पोटही जाग्यावर येईल.
आणि गणपतीपुळे ते रत्नागिरी आरे-वारेवरून. वारेच्या चढावर गाडी लावून खाली बघायचं, तिथे दोन्ही पुळणी एका नजरेत येतात.

मीच चालवणार
जंगलजेट्टी! शब्द ऐकूनच जावंसं वाटतंय. पण दोन दिवसांत ते बसणार नाही, डिसेंबरसाठी ठेवते.

वऱ्हाडी ठेचा
दर वेळी हेच. 'महाराष्ट्रातले रस्ते' म्हटलं की पुणे, पुणे आणि कोकण. आमच्याकडे सातपुडा आहे, तो कुणाला दिसतो का? परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा चढा, घटांगमार्गे उतरा. सागवानाचं जंगल, मधेच कोरकू गावं, वर गाविलगड. चिखलदऱ्यात कॉफीची झाडंसुद्धा आहेत, पुण्यातल्या किती जणांना माहीत होतं? सेमाडोहकडून जाल तर सिपना नदी लागते. तिथे मात्र गाडी सावकाश, मेळघाट वाघांचा आहे, तुमचा नाही.

मीच चालवणार
ठेचाभाऊ, माहीत नव्हतं. कबूल. पण पुण्याहून तुमच्याकडे पोहोचायलाच माझे दोन दिवस जातील.

वऱ्हाडी ठेचा
मंग या ना चार दिवस काढून. पाटोडीचा रस्सा हाय.

काळजीवाहू
गाडी लागण्याबद्दल. मलाही लागायची, आता मीच चालवतो म्हणून लागत नाही. कानातल्या तोलाला वाटतं आपण हलतोय, मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना वाटतं आपण बसलोय, या भांडणात पोट ढवळतं. तेव्हा पुढच्या सीटवर बसवा, नजर दूर रस्त्यावर, मोबाइल डिकीत. उपाशीही नको आणि मिसळही नको. आलेपाक चघळायला द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.
पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. अर्ध्या लोकांना घाट लागत नाही, ड्रायव्हर लागतो. वळणात शिरून ब्रेक, बाहेर पडताना दणकून ॲक्सिलरेटर, की शेजारचा माणूस डब्यातल्या ताकासारखा घुसळला जातो. पेलाभर पाणी डॅशबोर्डवर आहे असं समजून चालवा.

मीच चालवणार
हे जरा जिव्हारी लागलं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो दोन मिनिटं हसत होता.

विजेवर
थोडं अवांतर. कुणी इलेक्ट्रिक गाडी घेऊन हा फेरा करणार असेल तर महाबळेश्वरला शंभर टक्के चार्ज करून उतरू नका. बॅटरी भरलेली असली की उतारावरची वीज साठवायला जागा उरत नाही, रीजन (म्हणजे मोटरने वीज बनवत गाडी रोखणं) जवळजवळ बंद पडतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ऐंशीवर थांबा, खाली येईपर्यंत फुकट भर पडते.

कोल्हापूरचा पै-पाव्हणा
गगनबावडा कुणीच कसं काढलं नाही? एकाच माथ्यावरून दोन घाट सुटतात, करूळ आणि भुईबावडा. एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, सुट्टीच नाही. करूळ मोठा, वाहता. भुईबावडा चिंचोळा, आणि त्यात कायतरी वेगळीच शांतता आहे. आंबोलीचं नाव सगळे घेतात, पण पावसाळ्यात रविवारी आंबोलीला गाडी चालवायला मिळत नाही, फक्त लावायला मिळते.

आरामात
जुना बोरघाट पण घ्या की यादीत. शिंग्रोबाच्या देवळापाशी अजून ट्रकवाले नाणं टाकतात. वाट दाखवणाऱ्या धनगराची गोष्ट आहे ती. १८३० चा अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये पाडला. त्याच्याखालून जाताना लहानपणी आम्ही श्वास रोखायचो, का ते आठवत नाही.

नगरी नग
घाट नाही, पण वळणं पोटभर: भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ पाहिल्याशिवाय पुढे गेलात तर नगरकर म्हणून मी नाराज.

सावळागोंधळ
वाचनखूण साठवली.

मीच चालवणार
ठरलं. लाल डबा यांचा फेरा, त्यांच्याच दिशेने. मुक्काम वाडा कुंभरोशीला. ब्रेक पॅड तपासून घेतले, मागचे जवळजवळ संपले होते. मागच्याच सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने "अजून दहा हजार चालतील" म्हणून पाठवलं होतं. त्यामुळे धाग्याचे पैसे इथेच वसूल.

मीच चालवणार
आलो परत. वृत्तांत देते, नाहीतर लोक म्हणतील सल्ला घेऊन पळाली.

पावणेसहाला निघालो, भोरला पोहे. चौकशी केली तर घाट चालू, मधे एका ठिकाणी एकेरी वाहतूक. नीरा-देवघरच्या पाण्याजवळ गाडीचा वेग आपोआपच चाळीसवर आला. इतकी वर्षं मी वळणं म्हणजे जोर समजत होते. तिथे पहिल्यांदा हात सैल पडले, स्टिअरिंग नुसतं धरून ठेवायचं, रस्ताच वळवतो. नवरा शेजारी बसून बगळे मोजत होता. मी समजुतीत तो पेला ठेवला होता, सांडला असेल दोन-तीनदाच.

वाघजाईला चहा आणि कांदा भजी. भज्यांची दुसरी पुडी माकडाने नेली, तीही नवऱ्याच्या हातातून, अगदी हक्काने. तिथून खाली उतरताना समोर कोकण दिसतं ते काय वर्णावं. एका वळणावर एसटी आली, मी मागे घेऊन वाट दिली, ड्रायव्हरने दोन बोटं कपाळाला लावली. दिवसभर मला त्याचाच आनंद.

महाडला मासे खाल्ले (नवऱ्याने वरणभात). साडेतीनला आंबेनळी. लाल डबा, सूर्याचं तुमच्या बाबांचं म्हणणं शब्दशः खरं. समोरून उतरणारे सगळे डोळ्यांवर हात धरून येत होते आणि आमच्यासमोर अख्खा डोंगर सोनेरी. साडेचारला मुक्कामी. उजेड होता म्हणून पारलाही जाऊन आलो.

आता खरी गंमत. वरंधा आणि आंबेनळीचा अर्ध्याहून अधिक भाग झाला, पठ्ठ्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला घाट चढून वर आलो, महाबळेश्वरला मका पॅटिस खाल्लं आणि पाचगणीकडे निघालो. घाटमाथा, तुमचं भाकीत खरं ठरलं. बुधवार असूनही रांग. दहा फूट पुढे, थांब, दहा फूट पुढे, थांब. सपाट, सरळ रस्ता. आणि तिथे त्याला गाडी लागली.

घाटमाथा
मी काही बोलत नाही. फक्त उलटी चक्कर एवढंच टंकतो.

काळजीवाहू
पॅटिसबद्दल विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

लाल डबा
बाबांना सगळं वाचून दाखवलं. एसटीच्या ड्रायव्हरचा भाग दोनदा वाचायला लावला. मग एकच प्रश्न: "वाघजाईच्या खाली गिअर कुठला होता?"

मीच चालवणार
तिसरा. तीन वळणांना दुसरा.