मदत हवी आहे: विक्रीपूर्वी भिंतीची ओल काढावी का?

आई-बाबांच्या पश्चात कोथरूडमधील त्यांची 1993 सालची सदनिका मी आणि माझी बहीण विकणार आहोत. मूळ करारनामा हाताशी आहे, परंतु गृहनिर्माण संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदत्वाच्या दाखल्यावर) अजून बाबांचेच नाव आहे. नामनिर्देशन माझ्या नावे असले तरी त्याने मालकी मिळत नसल्यामुळे बहिणीचे हक्कसोडपत्र आधी नोंदवावे, की विक्रीच्या दस्तावर दोघांनीही सह्या कराव्यात?

खरी चिंता पश्चिमेच्या भिंतीची आहे. दर पावसाळ्यात तिथे पोपडे सुटतात आणि बाबांनी पेन्सिलीने केलेल्या आमच्या उंचीच्या खुणांपर्यंत आता ओल पोहोचली आहे. नुसता रंग देऊन ती झाकणे मला पटत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती संस्थेकडे येते. तिची वाट पाहावी, की दोष सांगून किंमत कमी करावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.