"आता कसं आहे?": लांबलेल्या आजारपणात सगळ्यांना कळवत राहणं (अनुभव धागा)

सायली
काल संध्याकाळी परळच्या बसस्टॉपवर एक मुलगी फोनवर बोलत होती. "हो मामी, डोळे उघडलेत. नाही, बोलत नाहीत अजून. नळी आहे ना." फोन ठेवला की दुसरा. पुन्हा तेच, त्याच क्रमाने. बस आली तरी ती चढली नाही, कारण तिसरा वाजत होता. मला बाबांचे ते महिने आठवले आणि झोपच लागली नाही, म्हणून हा धागा.

बाबांना जीबीएस झाला होता, गियाँ-बारे. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढता येईना, आणि आठवड्याच्या आत व्हेंटिलेटर. यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांच्या आवरणावर उलटते. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती प्रतिपिंडं) वेळेवर दिलं तरी नसा भरून यायला महिने लागतात. बाहेरच्यांना हेच समजावणं सगळ्यात कठीण. त्यांना रोज काहीतरी सुधारणा ऐकायची असते. आमच्याकडे "आज उजव्या पायाचा अंगठा हलला" एवढीच बातमी असायची, आणि त्या दिवशी आई देवापुढे साखर ठेवायची.

सुरुवातीला आईचा फोन अखंड वाजायचा. घास तोंडात आणि फोन कानाला. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येक वेळी रडायचं. शेवटी ठाण्याचे भाओजी म्हणाले, आजपासून सगळ्यांनी मला विचारायचं, आईंना कोणी फोन करायचा नाही. भेटीची वेळ संपली की मी त्यांना सगळं सांगायची आणि ते रात्री एकच मेसेज लिहायचे. ग्रुप मुद्दाम केला नाही, ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ग्रुपवर हात जोडलेले आणि देवाचे फोटो एवढे येतात की बातमी कुठच्या कुठे वर जाते. मेसेजमध्ये आज काय झालं, उद्या काय ठरलंय, आणि शेवटी काय नको ते. या आठवड्यात भेटायला येऊ नका, फळं आणू नका. हे स्पष्ट लिहिल्यावर एकही माणूस रागावला नाही.

देवरुखच्या आत्याकडे साधा फोन. तिच्या शेजारचा मुलगा त्याच्या फोनवर आलेला मेसेज तिला वाचून दाखवायचा. म्हणून भाओजी 'ट्रॅकिओस्टॉमी केली' असं लिहायचे नाहीत. "श्वास सोपा व्हावा म्हणून गळ्याला छोटं छिद्र करून नळी बसवली आहे, गरज संपली की काढतात, छिद्र भरून येतं" असं लिहायचे. आत्या त्या रात्री शांत झोपली, असं तो मुलगा नंतर सांगत होता.

आणि एक. जीबीएसमध्ये शरीर पडून असतं पण माणूस आत पूर्ण जागा असतो. बाबांना सगळं ऐकू यायचं. मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून नेली, ओळीवरून बोट फिरवायची, बरोबर अक्षरावर आलं की ते पापणी मिटायचे. पहिला पूर्ण शब्द लागायला भेटीची सगळी वेळ गेली. म, मग अनुस्वार, मग ड, मग ळ. त्यांच्या भजनी मंडळाला कळवलंय का, हे त्यांना विचारायचं होतं! पुढे लिस्टमध्ये कोण असावं हे त्यांनीच ठरवलं. ऑफिसातल्या दोघांना काढायला लावलं, का ते अजून सांगत नाहीत.

तुम्ही कसं निभावलंत? लिहा ना.

मेथी_मोहरी
बापरे. आता कसे आहेत बाबा?

सायली
काठी घेऊन भाजी आणायला जातात. पायात ताकद थोडी कमी आहे, पण भजनाला बसतात.

मेथी_मोहरी
वाचून बरं वाटलं गं. कुकर झाला, नंतर सविस्तर लिहिते.

लालबागकर
आमच्या वेळी कुठला मेसेज. संपाचं वर्ष, 1982. आई केईएममध्ये, वडील गिरणीत, म्हणजे घरात पगार नाही. गावाला तार करता आली असती, पण तार आली की फोडायच्या आधीच घरात रडारड. म्हणून वडील तार टाळायचे. रात्रीच्या गाडीने गावचं कोणी ना कोणी जायचंच, त्याच्या हाती चिठ्ठी द्यायचे. पहिली ओळ ठरलेली, मोठ्या अक्षरांत: आई बरी आहे. बाकीचं त्याखाली. आजोबांना वाचता यायचं नाही, पण ती तीन शब्दांची ओळ त्यांना नुसती बघून ओळखू यायची. ती दिसली की मग ते कोणाला तरी बोलावून पुढचं वाचून घ्यायचे.
चाळीत फोन नव्हताच. खालच्या वाण्याचा पी.पी. नंबर, म्हणजे फोन त्याच्याकडे यायचा आणि तो आम्हाला बोलवायचा.

भातुकली
पी.पी. नंबर!! किती वर्षांनी ऐकलं. आमचा समोरच्या काकूंकडे होता. त्या गॅलरीतून हाक मारायच्या, त्यामुळे आमच्याकडे कोणाचं ऑपरेशन कसं झालं हे आमच्याआधी चाळीला कळायचं :)

लालबागकर
कुठली चाळ?

भातुकली
गिरगाव, फणसवाडी.

लालबागकर
माझी धाकटी बहीण फणसवाडीत दिली आहे. देवळाच्या गल्लीत. निरोप पाठवतो, गाठ पडेल.

पांढरी_साडी
मी पालिकेच्या हॉस्पिटलात आयसीयूला सिस्टर आहे. ड्युटीवरून परतताना लोकलमध्ये लिहितेय, टायपिंग सांभाळून घ्या.
सायलीताई, तुमच्या भाओजींसारखा एक माणूस प्रत्येक घरात ठरलेला असावा असं मला मनापासून वाटतं. सकाळी राउंडनंतर डॉक्टर बोलतात. तेव्हा रोज वेगळा नातेवाईक आला तर डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सांगतात आणि पुढचं राहून जातं. एकच माणूस, हातात वही, प्रश्न आदल्या रात्री लिहिलेले, असं असलं की पाच मिनिटांत खूप काम होतं.
आणि आकडे घरी पाठवू नका हो. जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा स्कोअर) काल 9 होता आज 8 कसा, म्हणून गावावरून फोन येतात. तो स्कोअर 3 ते 15 असतो, पण तोंडात किंवा गळ्यात नळी असली की बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत, आम्ही तिथे 'टी' लिहितो. झोपेचं औषध चालू असलं तरी आकडा खाली दिसतो. हे फोनवर कोणाकोणाला समजावणार? "हाक मारल्यावर बघतात" हे लिहा, ते सगळ्यांना कळतं.

अटलांटिकपार
मी दुसऱ्या टोकाला होते. न्यू जर्सीत. आई दादरला आजारी, दादा तिच्याजवळ. उन्हाळ्यात आपल्यात साडेनऊ तासांचा फरक. त्याचा संध्याकाळचा सातचा मेसेज मला सकाळी साडेनऊला मिळायचा, तोवर मी कामावर पोचलेली असायचे. टॉयलेटमध्ये जाऊन वाचायचे.
लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते, सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशीही कळवा. "आज नवीन काही नाही, कालसारखंच" एवढं पुरतं. मेसेज आला नाही की लांबचा माणूस सगळ्यात वाईट तेच समजून बसतो. दादाने हे फार मायेने केलं. कंटाळून गेला असेल तेव्हा आवाजी निरोप टाकायचा, मागे कॉरिडॉरमधली स्ट्रेचरची चाकं ऐकू यायची, आणि मला तिथे असल्यासारखं वाटायचं.

अबोली
आमच्याकडे आजीला सांगितलंच नाही की काका ॲडमिट आहेत. "कामानिमित्त नाशिकला गेलाय." तीन आठवडे. रोज कोणीतरी नवीन कारण शोधायचं. आजीला सगळं माहीत होतं असं नंतर कळलं, कामवाल्या मावशींनी सांगितलेलं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती.

मेथी_मोहरी
अगं हे आमच्याकडेही! माझ्या मते सांगावं. म्हातारी माणसं आपल्यापेक्षा जास्त झेलून बसलेली असतात.

सायली
मलाही तसंच वाटतं. आत्याला आम्ही सगळं सांगितलं, फक्त रात्री सांगायचं नाही, सकाळी.

अबोली
हे "सकाळी सांगायचं" आवडलं.

कुरमुरे
आमच्या ताईच्या वेळी निम्मे रिप्लाय गुळवेलीचे, उरलेले पपईच्या पानांचे. जिजाजी प्रत्येकाला प्रेमाने लिहायचे, "डॉक्टरांना विचारतो." कोणाचंच मन मोडलं नाही :)
एक विचारायचं होतं, ब्रॉडकास्ट लिस्टमधून मावशीला मेसेज जातच नाही, बाकीच्यांना जातो. काय करू?

सायली
मावशीच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह नसेल. समोरच्याने नंबर सेव्ह केला असेल तरच ब्रॉडकास्ट पोचतो. तिच्या मुलाला सांग करून द्यायला.

कुरमुरे
तेच होतं! धन्यवाद गं.

दुसरी_पाळी
मी पेशंटच्या बाजूने लिहितो. मोटरसायकलचा अपघात, मांडीचं हाड आणि कंबर, शिवाय जंतुसंसर्ग, त्यामुळे मुक्काम लांबला. सुरुवातीचे आयसीयूतले दिवस माझ्या डोक्यात नाहीतच. जे आठवतं तेही वेडंवाकडं: छतावरून पाणी येतंय, कोणीतरी मला लोकलच्या डब्यात झोपवलंय.
बहीण रोज एका शाळेच्या वहीत लिहायची, नातेवाइकांना फोन करायच्या आधी. आज कोण आलं, कुठली नळी काढली, मी काय बडबडलो. घरी आल्यावर तिने ती वही माझ्या हातात दिली. त्यात एका पानावर "आज एसी गळत होता, दादा सारखा पाणी पाणी म्हणत होता." तेव्हा कळलं की ते पाणी खरं होतं. किती हायसं वाटलं ते मी सांगू शकत नाही.
एक विनंती. पेशंटचा फोटो त्याला न विचारता पाठवू नका. माझा नळ्यांसकट फोटो कोणाकोणाच्या फोनवर फिरला. तो पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण कामावर पुन्हा रुजू झालो तेव्हा लोक माझ्याकडे बघताना तोच फोटो बघतायत असं वाटायचं.

पांढरी_साडी
दादा, तुमच्या बहिणीने केलं त्याला परदेशात आयसीयू डायरी म्हणतात. काही ठिकाणी सिस्टरसुद्धा त्यात लिहितात, पेशंटला नंतर ते दिवस जुळवता यावेत म्हणून. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

दुसरी_पाळी
आत्ताच वाचून दाखवला. ती म्हणाली, वही अजून कपाटात आहे.

सोलापुरी_चादर
विषय थोडा वेगळा आहे, पण इथे माहीतगार माणसं दिसतायत म्हणून विचारतो. चुलतभाऊ वहिनींना घेऊन टाटाला येतोय. उपचार काही महिने चालतील असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. मुंबईत आमचं कोणी नाही. राहायचं कुठे?

लालबागकर
दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या पेशंट आणि नातेवाइकांसाठीच. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, त्यामुळे आधी चौकशी करायला सांगा.

पांढरी_साडी
टाटामध्ये समाजसेवकांचा विभाग आहे. पहिल्याच दिवशी तिथे जाऊन बसायला सांगा. राहणं, जेवण, औषधांची मदत, सगळं तिथे विचारता येतं. लाजायचं नाही म्हणावं, त्यांचं ते कामच आहे.

सोलापुरी_चादर
फार मदत झाली. ते दोघं आज रात्रीच्या सिद्धेश्वरने निघतायत. गावाकडच्यांना कळवायचं काम मी माझ्याकडे घेतो, हा धागा वाचूनच ठरवलं. भावाला सांगितलंय, तू फक्त मला फोन कर.

लालबागकर
दादरलाच उतरायला सांगा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. मी सकाळी स्टेशनवर येतो, परळ जवळच आहे मला. डबा कुठला ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

सोलापुरी_चादर
काका, काय बोलू. पाठवतोय लगेच. वहिनींना जिना चढवत नाही, पूल टाळता येईल का?

लालबागकर
लिफ्ट आहे का ते मी आधी जाऊन बघून ठेवतो. नसेलच चालू तर व्हीलचेअरसाठी स्टेशन मास्तरांना भेटतो. तुम्ही डब्याचा नंबर तेवढा पाठवा.