सात रुपयांचं अंडं, पंधरा रुपयांचं अंडं आणि पाऊण कागद

कृष्णाकाठ (सांगली)

मावसभावाचं लेअरचं (अंड्याच्या कोंबड्यांचं) शेड आहे, विट्याच्या अलीकडे. वीस वर्षांत शंभरदा गेलो असेन, पण बाहेरच्या बाहेर. ओट्यावर चहा, एक ट्रे डिकीत, की परत. गेल्या महिन्यात त्याचा गडी आला नव्हता म्हणून फीड टाकायला पहिल्यांदा आत गेलो.

वासाचं सांगत बसत नाही, त्याची सवय होते. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. दुपारची वेळ होती. वरच्या ओळीत एक कोंबडी जाळीवर अंग टेकून, पायाने उकरत, पंख फडफडवत अंगावर माती घेत होती. माती नव्हतीच. खाली तार आणि तारेखाली विष्ठेचा ढीग. आमच्या आजीच्या कोंबड्या उकिरड्याशेजारी धुळीत लोळायच्या, अगदी तेच. या कोंबडीने जन्मात माती पाहिलेली नाही. भाऊ म्हणाला, "करतात तसं. येडपट असतात."

त्या पिंजऱ्यात चौघी होत्या. टेपने मोजलं. एकीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर. झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४ चा असतो. म्हणजे पाऊण कागद, आणि त्यावर सव्वा वर्ष.

युरोपात असले नुसते तारेचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहेत. आपल्याकडे केंद्राने २०२३ साली अंड्याच्या कोंबड्यांसाठी नियम काढले: कोंबडीमागे किमान ५५०, आणि जुन्या शेडना २०३० पर्यंत मुदत. ५५० झाले तरी कागद पुरा होत नाही तो नाहीच.

मी अंडी सोडणार नाही. घरात नऊ दिवसांत एक ट्रे संपतो, उगाच साव कशाला होऊ? पण दुकानात सात रुपयांचं अंडं उचलताना "मला काय माहीत" म्हणायची सोय आता गेली. त्या पाऊण कागदाचा धनी माझा भाऊ जेवढा, तेवढाच मी. पटतं का बघा.

शेडवाला (खटाव)

आलं. दर श्रावणाच्या तोंडावर असा एक धागा येतोच, आणि आखाडात हेच लोक दुकानापुढे रांगेत असतात.

माझं ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे, पाच हजारांचं, कंपनीच्या करारावर. पिल्लू कंपनीचं, फीड कंपनीचं, औषध कंपनीचं. माझं काय? शेड, लाईटबिल, तूस आणि माझी झोप. मला किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. मरतूक वाढली की ते कापले जातात. त्यामुळे कोंबडीला त्रास होऊ नये ही काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, कारण तिचा त्रास थेट माझ्या खिशात येतो. मागच्या एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली आणि जनरेटर चालू होईना. तास-दीड तास बायको आणि मी गोणपाटं भिजवून जाळीवर टाकत होतो. तरी ३४० पक्षी गेले. संध्याकाळी खड्डा काढला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. हे तुमच्या टेपने मोजता येईल का?

आणि ब्रॉयलर पिंजऱ्यात नसतो. मोकळा असतो, तुसाच्या गादीवर. एवढं तरी माहीत करून घ्या.

पेन्शनर पशुवैद्य (कोरेगाव)

शेडवाल्यांचं दुःख खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा. मेलेल्या कोंबडीचा तोटा मालकाला होतो. जिवंत राहून त्रास सोसणाऱ्या कोंबडीचा होत नाही, घोळ तिथे आहे. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलोचा होतो. छाती वाढते, पाय मागे राहतात. शेवटच्या आठवड्यात किती पक्षी चार पावलं टाकून बसतात ते बघा. बसलेल्या पक्ष्याचं वजन घटत नाही, उलट वाढतं. म्हणून तो हिशेबात येतच नाही.

लेअरचंही तेच. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. ही तीनशेच्या वर. एका टरफलात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. चुन्याची भुकटी कितीही खाऊ घाला, शेवटी हाडातून काढलं जातं. कल्स (अंडी घटली म्हणून काढून टाकायच्या कोंबड्या) म्हणून उचलताना पंखाचं हाड काडीसारखं मोडलेलं मी कित्येकदा पाहिलं आहे. पिंजऱ्यात अंडी बंद होत नाहीत म्हणजे कोंबडी सुखात आहे, असं समजू नका. ती जात अंडी देण्यासाठीच निवडलेली आहे, ती दुःखातही देईल.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, कारण पंधरा रुपयांचं "गावरान" घ्या म्हटलं की लोक डोळे मिटून पैसे टाकतात. गावात मानमोडीची साथ शिरली की तीन दिवसांत खुराडी रिकामी होतात. लसीची बाटली शंभर डोसची आणि बाईकडे कोंबड्या बारा. फोडलेली बाटली ठेवता येत नाही, मग कोण टोचणार? मोकळं आयुष्य म्हणजे चांगलं आयुष्य असं समीकरण नाही. आणि तपकिरी टरफल म्हणजे गावरान नव्हे. तो जातीचा रंग आहे, तपकिरी अंडं देणारी कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. शब्दावर विश्वास ठेवून काय होतं ते आपल्या भागाने २०१९ ला इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या फसवणूक प्रकरणात बघितलं आहे.

हिशेबनीस (मिरज)

भावना बाजूला ठेवून आकडा काढूया. शेड आणि पिंजरा मिळून पक्ष्यामागे ६०० रुपये, टिकणार १५ वर्षं, असं समजू. वर्षाला ४० झिजेचे आणि ११ टक्क्यांनी ६६ व्याजाचे, एकूण १०६. वर्षाला ३०० अंडी धरली तर अंड्यामागे ३५ पैसे. जागा ४५० वरून ५५० केली की हा खर्च साधारण २२ टक्के वाढतो. म्हणजे अंड्याला आठ पैसे, ट्रेला अडीच रुपये. फीडचा खर्च तोच राहतो.

अडीच रुपये! एवढ्यासाठी २०३० पर्यंत थांबायचं?

विटेकर

गणित बरोबर आहे साहेब, फक्त ते माझ्या वहीत बसत नाही.

माझं दहा हजारांचं शेड. तेच पिंजरे ठेवून कोंबडीमागे ५५० द्यायचे म्हटले तर ८,१८० पक्षी बसतात. १,८२० कमी. वर्षाला साडेपाच लाख अंडी कमी. बँकेचा हप्ता मात्र दहा हजार पक्ष्यांचाच. आता तुम्ही म्हणाल, अडीच रुपये वाढवून विका. कुणाला? रेट मी ठरवतो का? एनईसीसीचा (अंडी उत्पादकांच्या समितीचा) रेट सकाळी येतो, त्यातून व्यापारी आपलं कापतो, गाडी भरून जाते. गाडीवाला विचारत नाही की तुमची कोंबडी कागदावर आहे का पाऊण कागदावर. मी एकट्याने जागा वाढवली तर माझं अंडं शेजाऱ्याच्याच ट्रेमध्ये, शेजाऱ्याच्याच भावाने जाणार.

युरोपात अंड्यावर शिक्का असतो असं ऐकून आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत कोंबडीने कोरोना होतो ही अफवा उठली, पक्षी फुकट वाटायची पाळी आली. पुढच्या वर्षी सोयापेंड अशी भडकली की सरकारला बाहेरून १२ लाख टन आणायला परवानगी द्यावी लागली. तेव्हा दया घेऊन कुणी शेडवर आलं नाही. पाहुणे तेवढे आले, ट्रे घेऊन गेले. (कृष्णाकाठ, तुम्हाला नाही म्हणत. म्हणजे, थोडं म्हणतोय.)

कृष्णाकाठ (सांगली)

लागलं. ट्रेचे पैसे भाऊ घेत नाही, मी आग्रह करत नाही. खरं आहे.

शिक्क्याबद्दल: हो, तिथे अंड्यावर पहिला आकडा असतो. ० सेंद्रिय, १ बाहेर मोकळी, २ शेडमध्येच पण मोकळी, ३ पिंजरा. आपल्याकडे असा सक्तीचा आकडा नाही, म्हणून माझे जास्तीचे पैसे विटेकरांपर्यंत पोचायला वाटच नाही. हा मुद्दा मी मूळ लिहिताना धरलाच नव्हता.

शाकाहारी पान (सातारा)

इतकी घालमेल कशासाठी? सोडून द्या. डाळ आहे, मटकी आहे. मांढरदेवला पशुबळी बंद केला तेव्हा सगळ्यांना सुधारणा वाटली. काळूबाईपुढे जाणारं कोंबडं निदान वर्षभर उकिरडा उकरून आलेलं असायचं. ते दिसत होतं म्हणून बंद केलं, शेडमधलं दिसत नाही म्हणून चालू आहे.

आणि पिल्लांचं कुणीच बोललं नाही. अंड्याच्या जातीतला नर ना अंडं देतो ना मांस धरतो. हॅचरीत पहिल्याच दिवशी वेगळा काढतात आणि मारतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यातली काही गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून जत्रेत विकायला येतात. लहानपणी बुटाच्या खोक्यात ठेवून सगळ्यांनी पाळलीत ना? दुसऱ्या दिवशी मान टाकलेली. ते तुमच्या ऑम्लेटच्या कोंबडीचे भाऊ होते.

शेडवाला (खटाव)

@शाकाहारी पान, दुधाच्या म्हशीचा रेडकू कुठे जातो तेही लिहा की मग एकदा.

शाकाहारी पान (सातारा)

लिहीन. चहा कोरा घेतो मी, तीन वर्षं झाली.

गुरुजीबाई (तासगाव)

जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंड्याच्या दिवशी हजेरीपट बघायला यायचं होतं. ऊसतोडीच्या टोळीतली पोरं, एरवी दुपारी पळणारी, ती हात धुवून सगळ्यात आधी बसायची. एक मुलगी पिवळं रुमालात बांधून धाकट्यासाठी न्यायची. पुढे त्याचा निधीही गुंडाळला गेला, ते वेगळं रडगाणं.

म्हणून "सोडून द्या" वाचलं की मला राग येतो. मटकी त्या घरात नसते हो. आणि "पंधराचं घ्या" वाचलं तरी राग येतो. सात रुपयांचं अंडं हे गरिबाच्या घरातलं सगळ्यात स्वस्त चांगलं अन्न आहे. ते नऊ रुपयांचं झालं तर तुमचं मन हलकं होईल आणि तिचा रुमाल.

पण हिशेबनीसांचा आकडा खरा असेल, अंड्याला आठ पैसे, तर ते मी माझ्या पगारातून शाळेपुरते भरायला तयार आहे. एवढ्या स्वस्तात कोंबडीला कड फेरता येत असेल तर गरिबांचं नाव पुढे करून ते अडवू नका. माझ्या पोरांचं नाव तर नकोच.

माणदेशी (आटपाडी)

मी हितं वाचते, लिहीत न्हाई. पण गावरानवाली कोण बोललीच न्हाई म्हणून.

माझ्याकडं तलंगा (कवळ्या कोंबड्या) धरून बावीस हायत. एक कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देती. मधीच खुडूक (अंडी थांबवून उबवायला) बसली की महिना गेला. गेल्या रवणीला तेरा ठेवली, अकरा फुटली. घारीनं चार, मुंगसानं दोन नेली. ऱ्हायली पाच. त्यात दोन कोंबडे. कोंबडा बी जगतो माझ्याकडं, सहा महिनं तरी. पाव्हणा आला की कापायचा. ज्या हातानं दाणं टाकलं त्याच हातानं. मला त्यात पाप वाटत न्हाई, पण त्या दिवशी बाकीच्या कोंबड्या जवळ येत न्हाईत हे बी खरं.

डॉक्टर म्हणत्यात ती लस, ती आम्ही सात घरं मिळून एक बाटली आणतो. एकाच सकाळी समद्यांच्या टोचायच्या. अवघड काय न्हाई, कोण तरी आरडून बोलवायला लागतं. ते मी करते.

आन पंधरा रुपयाचं म्हणाल तर, सांगलीची गाडी थांबती, बाई उतरती, "गावरानच आहे ना?" चारदा विचारती आन म्हणती दहाला द्या. मॉलात पाटीवर लिवलेलं अंडं घेताना करती का कोण घासाघीस?

पेन्शनर पशुवैद्य (कोरेगाव)

बाई, मी आयुष्यभर जे सांगत फिरलो ते तुम्ही सात घरांत करून दाखवलंत. फक्त लस बर्फात आणता ना?

माणदेशी (आटपाडी)

थर्मासमधी. चहाचा न्हाई, वेगळा ठेवलाय.

विटेकर

कृष्णाकाठ, एक सांगतो. माझे पिंजरे २०२८ ला बदलायला येतात. नवीन टाकताना ५५० चेच टाकावे लागणार, दुसरा मार्ग नाही. पण त्याहून चांगला, म्हणजे खाली उकरायला थोडी चटई, बसायला दांडी असा माल टाकायचा असेल तर मला तीस घरं आधी बांधील पाहिजेत. तोंडी नको. महिन्याचे पैसे आगाऊ, व्यापारी मध्ये नाही. तीस घरांत माझं शेड चालत नाही, एक ओळ चालेल. ओळ करून बघायला माझी तयारी आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं आहेत. त्यातली अंडी उघडपणे आणणारी वीस, गुपचूप आणणारी किती ते वॉचमनला माहीत. विचारून सांगतो. आणि भावाला यावेळी ट्रेचे पैसे दिले. चिडला. तरी दिले.

शेडवाला (खटाव)

सगळं लेअरचंच चाललंय. ब्रॉयलरवाल्याला कोण विचारतो! कृष्णाकाठ, माझी नवी बॅच येत्या आठवड्यात पडते. पहिली रात्र ब्रूडिंगची (ऊब द्यायची), पिल्लू गारठलं तर एकमेकांवर चढून मरतं. दर तासाला उठावं लागतं. या एकदा मुक्कामाला. टेप आणा पाहिजे तर.

कृष्णाकाठ (सांगली)

येतो. टेप आणि गोधडी दोन्ही आणतो.

शेडवाला (खटाव)

गोधडी नको. आत ३३ डिग्री असतं.